कर्ज द्यावं असा चेहरा

कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात बाबा एका दगडी डोक्यासमोर थांबले, ते हलेचनात. बाहेर पाऊस होता. काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची उबदार बाग आहे, तिथल्या बाकावर आई विसावली होती. आम्ही दोघं आतल्या रंगीत भिंतींच्या दालनांमधून फिरत होतो. रोमन माणसांचे संगमरवरी चेहरे ओळीनं मांडलेले, आणि बाबा प्रत्येकासमोर थांबून, चष्मा कपाळावर सरकवून, जवळ जाऊन बघत होते. हे डोकं रोमन सम्राट व्हेस्पेशियनचं होतं. रुंद, चौकोनी, टक्कल पडलेलं. कपाळावर आडव्या आठ्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत उतरलेल्या दोन खोल घड्या, दात गेल्यावर आत ओढले जातात तसे ओठ, उन्हात बारीक करावेत तसे डोळे. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याला मी कर्ज दिलं असतं."

बाबांची सगळी नोकरी बँकेच्या ग्रामीण शाखांमध्ये गेली. त्यातली पुष्कळ वर्षं परभणीकडे. पीककर्ज, विहिरीचं कर्ज, म्हशीचं कर्ज. समोर बसलेला माणूस फेडेल की बुडवेल, हे सातबारा आणि जामीनदार सांगायचे तेवढंच त्याचा चेहराही सांगायचा, असं ते अजून म्हणतात. थोड्या वेळापूर्वी ते आणखी एका सम्राटाच्या, कॅलिग्युलाच्या, डोक्यासमोर उभे होते. तो तरुण, रेखीव, पातळ ओठांचा चेहरा बघून काही न बोलता पुढे गेले होते. म्हणून व्हेस्पेशियनबद्दलचं ते वाक्य मला लागून राहिलं. बाबांचा अंदाज सहसा चुकत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलंय. आणि साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी ज्यानं हा चेहरा घडवायचं ठरवलं, त्याला बघणाऱ्याकडून अगदी हेच वाक्य हवं होतं.

इ.स. 68 मध्ये सम्राट नीरोनं जीव दिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्यानंतर वर्षभरात रोमनं गाल्बा, ओथो आणि व्हिटेलियस असे तीन सम्राट चढताना आणि पडताना पाहिले. चौथा व्हेस्पेशियन. वय साठ, आयुष्य लष्करात गेलेलं, पूर्वजांत नाव घ्यावं असं कुणी नाही. चरित्रकार सुएटोनियस सांगतो की त्याचे वडील आशिया प्रांतात जकात गोळा करत, आणि तिथल्या गावांनी त्यांच्या प्रतिमा उभारून खाली 'प्रामाणिक जकातदारास' अशा अर्थाच्या ओळी कोरल्या होत्या. पुढे ते हेल्वेशियन लोकांच्या मुलखात, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडमध्ये, व्याजानं पैसे देण्याचा धंदा करत. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं.

आता त्याच्या आधीचा नीरो आठवावा. शेवटच्या वर्षांतला नीरो नाण्यांवर दिसतो तो भरलेल्या गालांचा, हनुवटीखाली मांस सुटलेला, कपाळावर लाटांसारखे पायरीपायरीनं बसवलेले केस असलेला. ऐषआराम लपवायची त्याला गरज वाटली नव्हती. उलट तोच त्याच्या वैभवाचा पुरावा होता. रोमच्या ऐन मध्यात त्यानं स्वतःसाठी सोन्याचा महाल आणि तळं केलं होतं. तो गेल्यावर तिजोरी रिकामी, शहर थकलेलं. अशा वेळी गल्लोगल्ली नवा चेहरा आला तो टकल्या म्हाताऱ्याचा. ते बघून लोकांना सम्राटांच्याही आधीचे दिवस आठवले असणार, कारण प्रजासत्ताकाच्या काळातले मानकरी असेच कोरले जात. सुरकुती म्हणजे राज्याची सेवा, चामखीळ म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. व्हेस्पेशियनच्या चेहऱ्यानं काही न बोलता सांगितलं की उधळपट्टी संपली, आता घरात कर्ता माणूस आलाय.

त्याचेच काही चेहरे बरेच गुळगुळीतही सापडले आहेत. सुरकुत्या कमी, नजर भारदस्त, ओठ भरलेले.

म्हणजे सुरकुत्या त्याच्याच होत्या, पण त्या किती खोल कोरायच्या हे कुठे तरी बसून ठरत होतं.

याला सरळ खोटारडेपणा म्हणून मोकळं व्हावं, तर तसंही होता येत नाही. सुएटोनियसच लिहितो की व्हेस्पेशियनचा चेहरा सतत जोर लावत असल्यासारखा दिसायचा, आणि आपली साधी कुळकथा त्यानं कधी लपवली नाही. माणूस खरंच तसा होता. फक्त त्याच्या साधेपणाचा उपयोग कसा करायचा, हे त्याला किंवा त्याच्या माणसांना नेमकं कळलं होतं. माझ्या मनात याबद्दल दोन्ही भावना एकदम असतात: त्या चेहऱ्याबद्दल आपुलकी, आणि ती आपुलकी माझ्याकडून काढून घेतली गेली याचा राग.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानं त्याच्या आधी शंभर वर्षं याच्या नेमकं उलट केलं होतं. व्हॅटिकनमध्ये त्याचा तो प्रसिद्ध पुतळा आहे, 1863 मध्ये रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे त्याच्या बायकोच्या, लिव्हियाच्या, वाड्याच्या जागी सापडलेला. उजवा हात पुढे उचललेला, अंगात चिलखत, आणि पाय अनवाणी. चिलखत घालून कुणी अनवाणी उभं राहत नाही. अनवाणी असतात ते देव आणि वीरपुरुष. पायाशी डॉल्फिनवर बसलेलं मदनाचं पोर, कारण त्याचं घराणं स्वतःला मदनाच्या आईचं, व्हीनस देवीचं, वंशज म्हणवून घ्यायचं. चिलखताच्या मधोमध एक पार्थियन माणूस, म्हणजे पूर्वेकडच्या शत्रुराज्यातला, रोमचं लष्करी निशाण परत करतोय. रोमन सेनापती क्रासस इ.स.पू. 53 मध्ये ती निशाणं लढाईत गमावून बसला होता, इ.स.पू. 20 मध्ये ऑगस्टसनं ती वाटाघाटी करून परत मिळवली. लढाई न होता मिळालेली ती वस्तू छातीवर मात्र विजयासारखी झळकते.

पण माझं लक्ष दरवेळी जातं ते कपाळावरच्या केसांकडे. भुवयांच्या वर, जरा एका बाजूला, केसांच्या बटा एका ठिकाणी कात्रीसारख्या फाकतात आणि शेजारी चिमट्यासारख्या मिटतात. ऑगस्टसचे दोनशेहून अधिक संगमरवरी आणि ब्राँझचे चेहरे आज आपल्याकडे आहेत, आणि स्पेनपासून इजिप्तपर्यंत कुठेही सापडला तरी अभ्यासक तो ओळखतात या बटांवरून. नाक तुटलेलं असो, कान झिजलेले असोत, बटा जागच्या जागी. सुएटोनियस म्हणतो तो देखणा होता, पण दात विरळ, बारीक आणि किडके, अंगावर डाग, उंची कमी आणि ती झाकायला जाड तळाचे जोडे. तो इ.स. 14 मध्ये पंचाहत्तर वर्षं पुरी करून वारला. दगडात तो तिशीच्या पुढे कधी गेलाच नाही. त्याच्या राज्यात जन्मलेली मुलं म्हातारी झाली, नातवंडांची झाली, आणि चौकातला राजा तसाच राहिला.

हे चेहरे पसरत कसे होते, हा भाग मला सगळ्यात ओढून घेतो. रोममध्ये एक मूळ नमुना मंजूर व्हायचा. त्याचे प्लास्टरचे साचे प्रांतोप्रांती जायचे, आणि तिथले पाथरवट ठरावीक बिंदूंची मापं घेऊन आपल्याकडच्या दगडात तो चेहरा उतरवायचे. पुतळे उभारण्याचा हुकूम रोमहून क्वचितच निघे. गावचे श्रीमंत, व्यापाऱ्यांचे संघ, लष्करी तळ आपणहून पैसे घालत, कारण सम्राटाचा पुतळा उभारणाऱ्याचं नावही चौथऱ्यावर कोरलं जायचं. निष्ठा दाखवायची अशी चढाओढ लागली की वरच्याला फारसं काही करावं लागत नाही. पाथरवटाचा हात जसा, तसा राजा. हेड्रियनच्या काळात कॅपाडोशियाचा सुभेदार असलेला आरियन काळ्या समुद्राच्या काठी ट्रॅपेझसला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या ट्रॅबझोनला पोचला. तिथून त्यानं सम्राटाला कळवलं की इथला तुमचा पुतळा समुद्राकडे हात करून उभा आहे, कल्पना छान आहे, पण तो तुमच्यासारखा दिसत नाही आणि एरवीही चांगला नाही; तुमच्या नावाला शोभेल असा एक पाठवून द्या. हेड्रियनला प्रत्यक्ष पाहिलेला माणूस त्या गावात आल्यावरच ही तक्रार उठू शकली. बाकी गावासाठी तोच हेड्रियन होता.

आणि फ्रॉन्टो. मार्कस ऑरेलियस अजून युवराज असतानाचा त्याचा गुरू. एका पत्रात तो आपल्या शिष्याला लिहितो की सराफांच्या पेढ्यांवर, दुकानांत, वळचणीखाली, ओसऱ्यांवर, खिडक्यांत, जिकडे बघावं तिकडे तुझी चित्रं आणि मूर्ती दिसतात. बहुतेक अगदीच ओबडधोबड, वाईट हातानं केलेल्या. तरीही, तो सांगतो, त्यातली एखादी दिसली की माझ्या ओठांवर हसू आल्याशिवाय राहत नाही. हे पत्र मी वाचलं तेव्हा मला ती रोमन गल्ली दिसली: नाणी मोजण्याचा आवाज, तेलाच्या दिव्यांची काजळी, भिंतीवर चुन्यात घाईघाईनं रंगवलेला दाढीवाला तरुण, आणि समोरून जाणारा एक प्रौढ शिक्षक मनाशी हसतोय. कोणाही प्रचारकानं स्वप्न पाहावं असा हा क्षण आहे. तरी त्या हसण्याला मी खोटं म्हणू शकत नाही, कारण फ्रॉन्टोला तो मुलगा खरंच ठाऊक होता, त्याच्या चुका त्यानं तपासल्या होत्या.

रंगही विसरून चालणार नाही. आपण बघतो तो पांढरा दगड. तेव्हा त्वचेला रंग होता, केसांना तपकिरी, डोळ्यांत बाहुल्या. ग्लिप्टोटेकमधल्या कॅलिग्युलाच्या डोळ्यांत आणि केसांत रंगाचे अंश टिकून आहेत, आणि त्यावरून अभ्यासकांनी रंगीत प्रतिकृतीही केली आहे. तिचं छायाचित्र पाहिलं की दचकायला होतं. पांढऱ्या दगडासमोर आपण कलेची चर्चा करू शकतो. त्या ओल्या वाटणाऱ्या डोळ्यांसमोर माणूस आवाज आपोआप खाली आणेल.

आवाज खाली आणावाच लागे, असे दिवस होते. ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याच्या काळात दिवंगत ऑगस्टसच्या पुतळ्याजवळ गुलामाला मारणं, तिथे कपडे बदलणं, त्याची छबी असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचकूपात जाणं, हे गुन्हे धरले गेल्याचं सुएटोनियस नोंदवतो. बिथिनिया प्रांताचा सुभेदार राहिलेल्या ग्रेनियस मार्सेलसवर आरोप आला की त्यानं ऑगस्टसच्या पुतळ्याचं डोकं उतरवून तिथे टायबेरियसचं बसवलं. तो सुटला, पण असा आरोप होऊ शकतो यातच सगळं आलं. आणि याच भीतीला एक दुसरी बाजू होती, जी मला फार मोलाची वाटते: मालकाच्या छळाला कंटाळलेला गुलाम पळत जाऊन सम्राटाच्या पुतळ्याचे पाय धरू शकत होता. तिथून त्याला सहज ओढून नेता येत नसे. जो राजा त्याला आयुष्यात कधी दिसणार नव्हता, त्याचा दगड एका दुपारपुरता तरी त्याच्या बाजूनं उभा राहायचा.

राजवट उलटली की याच दगडांचा हिशेब व्हायचा. व्हेस्पेशियनचा धाकटा मुलगा, सम्राट डोमिशियन याचा इ.स. 96 मध्ये खून झाला तेव्हा सिनेटर मंडळींनी शिड्या मागवून त्याच्या प्रतिमा डोळ्यांदेखत खाली पाडल्या. त्या काळचा लेखक आणि सिनेटर प्लिनी यानं त्या आनंदाचं वर्णन केलंय: ते मग्रूर चेहरे जमिनीवर आपटताना, त्यांवर कुऱ्हाडी चालवताना असं वाटत होतं की प्रत्येक घावासरशी रक्त निघेल, वेदना होईल. ज्यांनी कालपर्यंत त्या पुतळ्यांना मान तुकवली होती, त्यांचे हे हात. त्या आनंदात किती तरी स्वतःचीच लाज मिसळलेली असणार. सीमेपलीकडचा राग वेगळा होता. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या, आजच्या सुदानमधल्या, कुशच्या राज्याच्या सैन्यानं इ.स.पू. 25 च्या सुमारास रोमन इजिप्तवर धाड घातली आणि ऑगस्टसच्या ब्राँझच्या पुतळ्याचं डोकं उखडून आपल्या मेरोई शहरात नेलं. तिथे ते एका देवळाच्या पायरीखाली पुरलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय रोज त्यावर पडावा. 1910 मध्ये उत्खननात ते निघालं. आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि वाळूखाली राहिल्यामुळे त्याचे काच आणि दगडाचे जडवलेले डोळे अजून शाबूत आहेत.

पण फोडणं महाग पडे. चांगला संगमरवर कोण फेकून देईल? म्हणून पुष्कळदा जुनाच चेहरा तासून नवा केला जायचा, आणि व्हेस्पेशियनचे कित्येक चेहरे नीरोच्या डोक्यांतून काढलेले आहेत. हे शक्य झालं ते दगडाच्या साध्या नियमामुळे, की दगड कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हाताऱ्याचा तरुण करणं अवघड, तरुणाचा म्हातारा करणं सोपं. नीरोचे भरलेले गाल खोदून सुरकुत्या निघाल्या, दाट केस उतरवून टक्कल निघालं. अशी तासलेली डोकी ओळखायची तर कानांमागे आणि मानेजवळ बघावं. तिथे कधी कधी आधीच्याच केसांच्या बटा राहून गेलेल्या असतात, आणि चेहरा मानेच्या मानानं लहान दिसतो. व्हॅटिकनमधल्या कॅन्चेलेरिया शिल्पपटात असाच डोमिशियनच्या धडावर त्याच्यानंतरचा सम्राट नर्व्हा याचा चेहरा आहे, अंगाला न पेलणारा, छोटा. माझ्या मनात तो पाथरवट येतो. ज्या हातानं त्यानं ऐषारामी गाल घोटून गुळगुळीत केले, त्याच हातानं आता त्यांत साधेपणा खोदायचा.

आपल्याकडे हे चांदीत घडलंय. क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर त्याचा चेहरा असे, भोवती ग्रीक अक्षरं. रोमशी व्यापार करणाऱ्या भरुचवर त्याचीच सत्ता होती. गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवल्यावर नाणी वितळवली नाहीत, त्या चेहऱ्यावरच आपली चिन्हं ठोकली. नाशिकजवळ जोगलटेंभीला 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातली 9 हजारांहून अधिक अशी पुन्हा ठोकलेली. काहींवर पर्वताच्या कमानींआडून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

आणि एक चेहरा मात्र मला बघवत नाही. बर्लिनच्या संग्रहालयात इजिप्तमधून आलेली एक गोल लाकडी फळी आहे, ताटाएवढी. त्यावर सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, पांढरी दाढी. शेजारी राणी ज्युलिया डोम्ना, कानांत आणि गळ्यात मोती. पुढे दोन मुलं. एक मुलगा आपल्याकडे बघतोय, गुबगुबीत गालांचा. दुसऱ्याच्या जागी खरवडलेला गोल. बाप वारल्यावर 211 च्या अखेरीस मोठ्यानं, कॅराकॅलानं, धाकट्या गेटाला आईच्या कुशीत असताना मारवलं, आणि मग साम्राज्यभर त्याचं नाव आणि चेहरा पुसून टाकायचा हुकूम निघाला. इतिहासकार डिओ सांगतो की आईला रडायचीसुद्धा मुभा नव्हती. इजिप्तमधल्या कुठल्या तरी कचेरीत वा देवळात कुणीतरी ही फळी भिंतीवरून उतरवून हातात घेतली असेल आणि एका पोराचं तोंड घासून काढलं असेल. त्याच्या अंगावरचा झगा ठेवला. बाकी कुटुंब तसंच हसऱ्या रांगेत. फळी फेकली असती तर गेटाला आपण विसरलो असतो; आता त्या चित्रात पहिली नजर त्याच्याचकडे जाते.

बाबांच्या वाक्याकडे परत येते. चेहरा बघून कर्ज द्यायचं असं ते म्हणत असले, तरी निव्वळ चेहऱ्यावर त्यांनी कधी सही केली नाही. ते पाहणीला जायचे. मोटारसायकलवरून बांधापर्यंत, विहीर खरंच आहे का, गोठ्यात म्हैस कुणाची, शेजारी काय म्हणतात, बाई घरात काही बोलू पाहते का. मग मीही व्हेस्पेशियनचं शेत बघायला गेले, म्हणजे त्याच्या नाण्यांकडे. इ.स. 71 मध्ये पाडलेली त्याची मोठी पितळी नाणी आहेत. एका बाजूला तेच डोकं: जाड मान, घड्या पडलेले गाल, विश्वास ठेवावा असा म्हातारा. नाणं उलटं करावं, तर मधोमध एक ताडासारखं झाड आणि त्याच्याखाली मान खाली घालून बसलेली बाई. कडेनं अक्षरं: ज्यूडिया, म्हणजे ज्यूंचा मुलूख, जिंकला. आदल्या वर्षी त्याचा मुलगा टायटस यानं जेरुसलेम घेतलं होतं आणि तिथलं मंदिर जळून गेलं होतं. कलोसियम उभं राहिलं ते युद्धातल्या लुटीच्या पैशावर, असं तिथल्या एका लेखाची अक्षरं बसवायच्या भोकांवरून अभ्यासकांनी वाचलंय. नीरोच्या तळ्याची जागा लोकांना परत मिळाली हे खरं, पण त्याचा खर्च कुणी भरला, हे त्या बाईकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि तो खर्च पुढेही चालू राहिला. प्रत्येक ज्यू पुरुष आपल्या मंदिरासाठी दरवर्षी जी वर्गणी देई, ती व्हेस्पेशियननं साम्राज्यातल्या सगळ्या ज्यूंवर दोन ड्रॅक्माचा कर म्हणून बसवली, बायकामुलांसकट, आणि पैसा वळवला रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाकडे. इजिप्तमध्ये एडफू इथे या कराच्या पावत्या सापडल्या आहेत, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर शाईनं लिहिलेल्या: भरणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, रक्कम, सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष. बाबांसाठी मी आता त्यांची छायाचित्रं गोळा करतेय. नोंदी वाचायची त्यांची सवय गेलेली नाही, आणि या खातेवहीबद्दल त्यांना काय वाटतं ते मला ऐकायचंय.